अम्माची कात्री कथेत का थांबत नाही?

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. वय चौतीस, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम, मुलगा चौथीत. घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठी माध्यमात. आई, म्हणजे अम्मा, शेजारच्या गल्लीत राहते आणि विड्या वळते. ताईंच्या तीन कथा रविवारच्या पुरवण्यांत आणि एक दिवाळी अंकात छापून आली. दीड वर्षापूर्वी एका स्पर्धेतून कथा परत आली, तिच्यावर शेरा होता: ‘बीज बरे. भाषेवर बोलीचा व तेलुगूचा ठसा. प्रमाण मराठीचा सराव करावा.’ तेव्हापासून एकही कथा पुरी झालेली नाही. भाचीने एक कथा मोबाइलमधल्या एआयकडून ‘नीट’ करून दिली, ती देखणी झाली, पण अम्मा ऐकून म्हणाली, ‘चांगलंय, पण कुणाचंय?’ आता ताई विचारतात: शुद्ध मराठी कशी कमवू? सोलापुरात विषय मिळत नाहीत, पुण्याला नोकरी बघू का? पंधरा हजारांचा ऑनलाइन लेखनवर्ग लावू का? आणि आतलं आटलंच असेल तर हा नाद सोडून देऊ का? सोबत अर्धी राहिलेली कथा आहे. त्यातली वाक्यं छापायला हरकत नाही, असं त्यांनी कळवलं आहे.

ताई,

तुमचं पत्र आणि कथा दोन्ही दोनदा वाचली. एकदा आधी पत्र आणि मग कथा, नंतर उलट. दुसऱ्या खेपेला एक गोष्ट डोळ्यांत भरली. तीच आधी सांगतो, तुमच्या प्रश्नांकडे मग वळू.

तुमची कथा अशी सुरू होते: ‘सायंकाळच्या सोनेरी किरणांनी आसमंत न्हाऊन निघाला होता, पण आईच्या अंतर्मनात विचारांचे काहूर माजले होते.’

आणि पत्राच्या तिसऱ्या पानावर, वेळ मिळत नाही ही तक्रार करता करता तुम्ही लिहिलंय: ‘अम्माचं बरंय, ती विडी वळता वळता सिरियल बघते, हात थांबत नाही. फक्त सिरियलमधली सासू सुनेला बोलायला लागली की तिची कात्री पानावर थांबते.’

पहिल्या वाक्यातली आई मी शेकडो कथांतून पाहिली आहे. तिला चेहरा नाही, हात नाहीत, फक्त अंतर्मन आहे आणि त्यात कायम काहूर. दुसऱ्या वाक्यातली अम्मा मला दिसली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात भिजवलेलं पान, आणि कात्री अर्ध्यात. सासूचं बोलणं ऐकून का थांबली ती? तिला कुणी तसं बोललं होतं? की ती कुणाला तसं बोलली होती? मला पुढचं वाचायचं होतं आणि तिथे तुम्ही पुढच्या ओळीत पुण्याच्या घरभाड्यावर गेलात.

आतलं आटलंय हे म्हणूनच मला पटत नाही. आटलेल्या माणसाच्या पत्रात असं वाक्य चुकूनही येत नाही. तुम्ही लिहिताय, फक्त ज्याला ‘लेखन’ म्हणताय त्यात ते उतरू देत नाही. पत्रात ती अम्मा आहे, कथेत तिची ‘आई’ झाली. नाव बदललं आणि त्यासरशी सूप गेलं, पान गेलं, कात्री गेली. मोबदल्यात काय आलं, तर सोनेरी किरणं. तीही मे महिन्यातल्या सोलापुरात! आपल्याकडे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आसमंत न्हाऊन निघत नाही, तव्यासारखा तापलेला असतो आणि माणसं गच्चीवर पाणी मारतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आता त्या शेऱ्याबद्दल. तो लिहिणारा कोण, मला माहीत नाही, पण त्या जातीचा माणूस मला फार जवळून माहीत आहे. मीच तो होतो.

एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंची कथा आली. तिच्यातली म्हातारी अंधारात कोनाड्यातली किल्ली ‘हुडकत’ होती. मी लाल पेनाने ‘हुडकत’ खोडलं, वर ‘शोधत’ लिहिलं. अशा पंधरा-वीस जागा असतील. कथा छापली, त्यांना अंक पाठवला, आणि वर ‘भाषेकडे लक्ष द्यावे’ असं कार्डही पाठवलं. मला वाटलं, केवढं मार्गदर्शन केलं! त्यांचं पुन्हा काही आलं नाही. त्या वेळी माझ्या ते लक्षातही आलं नाही. खूप वर्षांनी आमच्याच घरात लाइट गेली, बायको काडेपेटी हुडकत होती, आणि मला ते खोडलेलं अक्षर आठवलं. सत्य शोधतात, नोकरी शोधतात. किल्ली हुडकतात. हुडकण्यात हात आहेत, चाचपडणं आहे, मधूनच पुटपुटणं आहे. त्या बाईंचा शब्द नेमका होता आणि माझा फक्त छापील होता.

तेव्हा शुद्ध मराठी कशी कमवू, या प्रश्नाचे मी दोन तुकडे करतो. शुद्धलेखन ही एक गोष्ट, आणि ती शिकायलाच हवी. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम एकूण अठरा आहेत: चौदा १९६२ चे आणि चार १९७२ साली वाढवलेले. रोज एक घेऊन उदाहरणं लिहून काढली तर महिन्याच्या आत हाताखालून जातात. तुमच्या कथेत ‘आणी’ आणि ‘परिक्षा’ आहे, ते सुधारा. त्यात बोलीचा दोष नाही, नुसता आळस आहे. पण शब्द कसा लिहावा, एवढंच हे नियम सांगतात. कोणत्या माणसाने कोणता शब्द वापरावा, हे सांगत नाहीत. उलट पात्राच्या तोंडी ‘केलं’, ‘सांगितलं’ अशी बोलण्यातली रूपं घालायची तर ती कशी लिहावीत, याचीही सोय त्यांत आहे. तुमच्या कथेतला रिक्षावाला मात्र ‘आपणांस कोठे जावयाचे आहे?’ असं विचारतो. कन्ना चौकात तुम्हाला असा रिक्षावाला भेटला तर मला जरूर कळवा, मी त्याचा सत्कार करीन.

दुसरा तुकडा ‘तेलुगूचा ठसा’. यावर मी युक्तिवाद करत नाही, आपल्या गावातली एक गोष्ट सांगतो. १९४४ ते १९५६ या काळात आपल्या दयानंद कॉलेजात द. रा. बेंद्रे कन्नडचे प्राध्यापक होते. त्यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कविता लिहिली कन्नडमध्ये, आणि तीही पुस्तकी कन्नडमध्ये नाही, धारवाडकडच्या बोलण्यातल्या कन्नडमध्ये. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तो कन्नड कवी म्हणून. घरात एक भाषा आणि कागदावर दुसरी असली की लिहिणारा उणा पडतो, हा समज याच गावात वर्ग घेणाऱ्या माणसाने खोटा ठरवलाय. दुसरी भाषा बाहेरून येऊन शिकलेल्याला तिचे आवाज ऐकू येतात. तीत जन्मल्यापासून राहणाऱ्याला पुष्कळदा येत नाहीत. तुम्हाला आपल्या सोलापुरी ‘काय करालालास बे’ मधला तो ‘लाला’ ऐकू येतो, मला कुणी पुण्याच्या माणसाने हसून दाखवेपर्यंत आला नव्हता.

मात्र एक इशारा. बोली वापरायची म्हणून प्रत्येक वाक्यात ‘बे’ टाकलंत, तर तोही सोनेरी किरणांचाच प्रकार. बोली पात्राच्या गरजेने येऊ द्या. निवेदन तुमच्या पत्राच्या भाषेत करा. ती उत्तम मराठी आहे, साधी, थोडी चिडकी, चालती.

हे करायचं कसं? मी सांगतो तो उपाय जरा बावळट वाटेल. ती अर्धी कथा बाजूला ठेवा. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि तीच गोष्ट तुमच्या एखाद्या मैत्रिणीला सांगितल्यासारखी बोलून काढा. मध्ये तेलुगू आलं तर येऊ द्या. मग ऐकता ऐकता उतरवा. सांगताना तुम्ही ‘अंतर्मनात काहूर’ म्हणणार नाही, कारण मैत्रीण हसेल. तुम्ही म्हणाल, ‘अम्मा त्या दिवशी जेवलीच नाही, नुसती पानं कापत बसली.’ हेच वाक्य कागदावर हवंय.

आणि उतरवताना तपासत बसू नका. अम्मा विड्या वळते घरी, आणि त्या बघून खराब बाजूला काढणारा माणूस बसतो कारखान्यात. तो रोज सकाळी अम्माच्या सुपाशेजारी येऊन बसला आणि प्रत्येक विडी उचलून ‘ही सैल, ही तिरकी’ करू लागला, तर दिवसाच्या हजार लांबच, शंभरही व्हायच्या नाहीत. तुम्ही दीड वर्षं त्या शेऱ्यावाल्याला शेजारी बसवून लिहिताय. त्याला त्याच्या कारखान्यात पाठवा. वळणं एका दिवशी, छाटणं दुसऱ्या दिवशी. छाटताना मात्र हात आखडू नका. दर कथेतली पहिली तीन वाक्यं झाकून वाचून बघा. दहातल्या सात वेळा कथा चौथ्या वाक्यापासून सुरू होते.

‘विडीवर काय लिहायचं, ते सगळ्यांना माहीतच आहे,’ असंही तुम्ही एका ठिकाणी म्हणता. कुणाला माहीत आहे? पान रात्री भिजवून ठेवावं लागतं, नाही तर सकाळी तडकतं, हे पूर्व भागातल्या लेकरालाही ठाऊक असेल. सात रस्त्यापलीकडच्यांना विचारून बघा. ‘सगळ्यांना माहीत’ म्हणजे ‘आमच्या गल्लीत माहीत’ असं असतं पुष्कळदा. आणि एक आतली शंका बोलून दाखवतो, चुकत असेन तर सोडून द्या. विषय मिळत नाहीत असं नसून, मिळालेल्या विषयाची थोडी लाज वाटते, असं तर नाही ना? तुम्ही कारखान्याच्या ऑफिसात बसता, अम्मा सुपापुढे. मधलं अंतर तुम्ही शिकून कापलंय. ते अंतर मागे फिरून पाहायला त्रास होतो. पण तो त्रास हाच तुमचा विषय आहे, अम्माची नुसती गरिबी नव्हे. गरिबीच्या कथा खूप झाल्या. आईच्या विड्यांवर शिकून आता दुसऱ्याच्या हिशेबाच्या वह्या सांभाळणारी, आणि आईच्या हातांना येणारा तंबाखूचा वास कथेतून धुऊन टाकणारी मुलगी, ही कथा मी वाचलेली नाही.

अम्माला मात्र आधी विचारा. परवानगीसाठी असं नाही, पण छापून आल्यावर गल्लीतून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

पुण्याचा प्रश्न मग आपोआप लहान होतो. नोकरी चांगली मिळत असेल, पोराची शाळा, पगार, नवऱ्याचं काम या हिशेबात बसत असेल, तर खुशाल जा. लिहिण्यासाठी म्हणून जाऊ नका. तिथे कार्यक्रम जास्त होतात हे खरं, पण कार्यक्रम ऐकून लिहायला लागलेला माणूस मी फार पाहिला नाही. वाचायला पुस्तकं हवीत, तर हिराचंद नेमचंद वाचनालय इथेच आहे.

पंधरा हजारांच्या वर्गाबद्दल मी जरा कडवट आहे, तेव्हा माझं बोलणं थोडं वजा करून घ्या. काही वर्गांत खरंच चांगलं शिकवतात. पैसे भरायच्या आधी एकच विचारा: माझं लिखाण कोण वाचणार, किती वेळा, आणि वाचून ओळीओळीवर बोलणार का? उत्तर ‘व्हिडिओ आयुष्यभर बघता येतील’ असं आलं तर पैसे घरी ठेवा. तुम्हाला खरी गरज दोन वाचकांची आहे. एक, ज्याला कंटाळा आला की तो तोंडावर सांगतो. तो तुमच्या घरात आहे. ‘चांगलंय, पण कुणाचंय?’ यापेक्षा नेमकी समीक्षा मला माझ्या नोकरीत क्वचित लिहिता आली. दुसरा, जो स्वतः लिहितो आणि तुमच्यावर जळत नाही. हा हुडकावा लागतो. बघा, शब्द आला.

एआयचं अम्माने सांगितलंच आहे. मी एवढंच जोडतो की ते यंत्र तुमच्या वाक्याला सरासरीकडे ओढतं. हजार ठिकाणी वाचलेली संध्याकाळ ते तुमच्या संध्याकाळीवर घालतं. ऱ्हस्वदीर्घ दाखवायला वापरलंत तर माझी तक्रार नाही, पण तिथेही शब्दकोश शेजारी ठेवा, कारण ते चुकतं आणि ठामपणे चुकतं. वाक्य मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

राहिला वेळ, जो तुम्ही प्रश्नात विचारला नाही पण पत्रभर पसरलाय. तुम्ही रोज रात्री लिहायचं ठरवता, जमत नाही, मग आठवडाभर स्वतःला बोल लावता. ताई, तुम्ही जीएसटीचं काम बघता. अकरा तारखेपर्यंत एक रिटर्न, वीसपर्यंत दुसरं. त्या दोन्ही तारखांच्या आधीचे तीन-चार दिवस कथेसाठी मेलेले आहेत, हे मान्य करून टाका आणि त्या दिवसांत लिहिलं नाही याचं दुःख करू नका. तेव्हा फक्त एक काम: दिवसात कानावर पडलेलं एक वाक्य वहीत, जसंच्या तसं. विचार नको, चिंतन तर नकोच. टॉवेल मोजणारा पोऱ्या काय म्हणाला, मालकाने फोनवर कुणाला कसं टाळलं. हिशेबाच्या माणसाला नोंद करायची सवय असतेच. बावीस तारखेनंतरचे आठ दिवस मात्र तुमचे. त्यांतल्या चार सकाळी, पोरगा उठायच्या आधी, पाऊण तास.

आणि लिहिणं कुठे थांबवायचं, हे तुम्ही कारखान्यात रोज बघता. मागावरचं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आलं की कारागीर जुने धागे फणीतून ओढून टाकत नाही. ती टोकं तशीच ठेवतो आणि नव्या बीमाचा एकेक धागा त्यांना गाठतो. टोकं काढून टाकली तर हजारो धागे पुन्हा एकेक करून ओवावे लागतील, दिवस जाईल. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘प्रसंग पूर्ण केल्याशिवाय उठत नाही.’ इथेच फसता. प्रसंग पुरा केला, वही मिटली, आणि पुढच्या खेपेला कोरं पान. पुढचं वाक्य माहीत असतानाच उठा. अर्ध्या संवादात उठा. आठ दिवसांनी आलात तरी टोक हातात असेल.

कधी कधी टोकही सापडत नाही, खरंच कोरडं वाटतं. तेव्हा मी एक पान उतरवून काढतो, माझ्या आवडत्या लेखकाचं, हाताने. चोरी नव्हे, रियाज. वाचताना डोळा पुढे पळतो, लिहिताना पळता येत नाही. स्वल्पविराम का दिला, वाक्य तिथेच का तोडलं, हे मनगटाला कळतं. कथाच हवी असं नाही. जुन्या कोर्टकज्जाचा कागद, पंचांगातलं वर्षफल, लग्नपत्रिकेतला आग्रह, काहीही चालतं. एकदा मी चादरीचं दरपत्रक उतरवलं होतं आणि त्यातून एका कथेला नाव मिळालं. ती कथा वाईट होती, नाव चांगलं होतं.

दिवाळी अंकांचं व्यावहारिक सांगतो, कारण याबद्दल बरीच पत्रं येतात. मराठीत ही प्रथा १९०९ पासूनची, का. र. मित्रांच्या मासिकापासूनची, आणि आजही नव्या कथाकाराला याहून चांगलं दार नाही. पण दिवाळीचा अंक दिवाळीत होत नसतो. संपादकांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासून चालू असते, पाऊस सुरू झाल्यावर कथा पाठवली तर ती नीट वाचली जाण्याची शक्यता, गणपतीत पाठवली तर जागा संपलेली. एका वेळी एकाच अंकाला पाठवा, सोबत तीन ओळींचं पत्र, त्यात स्वतःची स्तुती नको आणि कमीपणाही नको. उत्तर आलं नाही म्हणजे कथा वाईट, असा अर्थ काढू नका. टेबलावर ढीग असतो, मी त्या ढिगामागे बसलेलो आहे. दोन-तीन महिन्यांनी एकदा विनयाने विचारा, मग दुसरीकडे पाठवा.

पत्राच्या शेवटी समासात तुम्ही बारीक अक्षरात एक प्रश्न लिहिलाय, खोडलाय, आणि परत लिहिलाय: कथेत अम्मा तेलुगूत बोलली तर कंसात मराठी अर्थ द्यायचा का?

नको. कंस आला की अम्मा बोलायची थांबते आणि दुभाषा बोलायला लागतो. अर्थ पुढच्या हालचालीत ठेवा. असं बघा:

‘तिन्नावा?’ अम्माने सुपावरून मान वर न करता विचारलं. मी पर्स खुंटीला अडकवली आणि ताट ओढून घेतलं.